छपराचा क्लेम

मस्कतजवळच्या सीबला नव्याने राहायला आलेल्या माणसाला एक गोष्ट कुणीतरी सांगावीच लागते. मे महिना लागला की गीझरचं बटण बंद करायचं आणि अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर उन्हात तापून थेट गार पाण्याच्या नळाला येतं. गीझरमध्ये साठलेलं पाणी मात्र घराच्या सावलीत निवलेलं असतं. म्हणजे लाल ठिपक्याच्या नळाला गार पाणी आणि निळ्या ठिपक्याच्या नळाला चटका. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे चपला काढायच्या आधी सांगते.

सासूबाईंनाही सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि मे उजाडल्यावर एका सकाळी निळाच नळ सोडला. हातावर फुंकर घालत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय गो हा तुमचा देश! हितं नळसुद्धा खोटं बोलतात."

मी हसले. पण त्या हसत नव्हत्या, हे माझ्या लक्षात आलं.

आमचं घर म्हणजे एका व्हिलाचा वरचा मजला. खाली एक केरळी कुटुंब, वर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर फक्त गच्ची. घरमालक पलीकडच्या गल्लीत राहतात. आम्ही त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे अर्बाब म्हणतो. नवरा नोकरीला लांब दुक्मच्या बंदरावर, पंधरा दिवसांनी एकदा दोन दिवसांसाठी घरी येणार, त्यातला एक दिवस झोपणार. मुलगा पुण्याला कॉलेजात. त्यामुळे त्या घरात खरं म्हणजे मी एकटीच राहत होते, आणि लोकांना सांगत होते की किती छान, कुणाची कटकट नाही.

मामंजी गेल्यावर सासूबाई गावी एकट्या राहिल्या. आम्ही वर्षभर त्यांच्या मागे लागलो, तेव्हा कुठे चैत्रात त्या ओमानला आल्या. येताना विळी घेऊन आल्या. विमानाच्या सामानात विळी! एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली तेव्हा त्यांनी खाली बसून ती कशी वापरायची याचं प्रात्यक्षिक दिलं म्हणे. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी माझी सुरी बाजूला सारली, विळी मांडली आणि माझं घर एका आठवड्यात बदललं. संध्याकाळी क्लिनिकमधून आले की जिन्यातच फोडणीचा वास यायचा. "आलीस काय?" अशी हाक यायची. इतकी वर्षं मी स्वतःच कुलूप उघडत होते. ती हाक मला किती हवी होती ते मला त्या हाकेनेच कळलं.

आणि मग उन्हाळा आला.

त्यांची खोली पश्चिमेची. दुपारी दोननंतर खिडकीच्या काचेला हात लावून दाखवा. वरचा स्लॅब सगळा दिवस ऊन पितो आणि संध्याकाळी, बाहेर जरा बरं वाटायला लागलं की, ते ऊन खोलीत सोडायला लागतो. एसी लावावा तर तो बिचारा गळा काढून चालतो, गार वारा थेट अंगावर, आणि बंद केला की पाच मिनिटांत भट्टी. सासूबाईंचे गुडघे त्या वाऱ्याने धरायचे. "बंद कर ता," म्हणायच्या. बंद केला की घामाघूम. पुन्हा लावला की दोन चादरी घेऊन, डोक्याला पदर गुंडाळून बसायच्या.

एका दुपारी मी लवकर घरी आले तर सासूबाई जिन्यात बसलेल्या. पायरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर विळी, आणि त्या शांतपणे भेंडी चिरत होत्या. आमच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत, ऊन येत नाही, घरातली तीच एक गार जागा. मला बघून म्हणाल्या, "हितं बरं वाटतं." खालची केरळी बाई गच्चीवर कपडे वाळत घालायला वर जाताना त्यांच्यासाठी अंग चोरून गेली. सत्तरी ओलांडलेली माझी सासू लोकांच्या जिन्यात बसून भाजी चिरते, हे मला सोसवलं नाही. 

त्याच संध्याकाळी त्यांनी विषय काढला. "मी काय म्हणतंय, मिरगाच्या आधी मला पोचव. आगोटीचं काय कोण बघणार? घर शाकारायचं ऱ्हायलंय."

"घराला पत्रा घातलाय आई, दोन वर्षं झाली. शाकारताय काय?"

"पत्रा असला म्हणून काय झालं? बघायला माणूस नको?"

मी दुक्मला फोन केला. नवऱ्याने नेहमीसारखं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तिला नसेल सोसत तर कशाला अडवायचं? मेअखेरचं तिकीट काढतो." माझा नवरा भला माणूस आहे. भल्या माणसांशी भांडता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष. त्याने तिकीट काढलंही. आता त्या गावी जाणार आणि पावसाळाभर एकट्या त्या घरात राहणार, दिवसा शेजारीण येईल तेवढीच सोबत. आणि इथे मी पुन्हा स्वतः कुलूप उघडणार.

मला हे मान्य नव्हतं. त्या तसं म्हणत नव्हत्या, पण त्यांना माझं घर सोसत होतं, मीही सोसत होते, सोसत नव्हती ती फक्त एक खोली. खोलीचं काहीतरी करायला हवं होतं.

काय करायचं ते मला अमेरिकेहून कळलं. माझी धाकटी जाऊ तिथे असते. रविवारी तिचा फोन आला की ती आधी स्वतःच्या घराविषयी बोलते, मग मुलांविषयी, मग वेळ उरला तर माझी चौकशी करते. त्या रविवारी घराविषयी बरंच होतं. त्यांनी सगळ्या खिडक्या बदलल्या होत्या, छताच्या पोकळीत जाड अस्तर भरून घेतलं होतं, दारांच्या फटी बुजवल्या होत्या. घर आता मस्त राहतं आणि वर त्यातला काही खर्च टॅक्समध्ये परत मिळाला. "तू पण कर ना," ती म्हणाली. "वीज वाचवली की सरकार टॅक्समध्ये सूट देतं. फक्त क्लेम करायचा."

"अगं, इथे पगारावर टॅक्सच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग कुणाकडे मागणार?" तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात मला थोडी कीव ऐकू आली.

तिला कल्पना नव्हती की ती कुणाला विचारते आहे. मी क्लिनिकमध्ये बसते ती इन्शुरन्सच्या क्लेमसाठीच. डॉक्टर तपासतात, पेशंट बरा होतो, पण कंपनीकडून पैसे येतात ते माझ्या चिकाटीमुळे. नाकारलेला क्लेम दुरुस्त करून परत लावणं हा माझा हातखंडा. पहिल्या झटक्यात पैसे सुटणारे क्लेम कुणीही करील, नाकारलेल्यात खरी मजा असते. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आणि दुसरं सांगते, आधी मंजुरी, मग ऑपरेशन.

तर मागायचं अर्बाबकडे. घर त्याचं, स्लॅब त्याचा, सुधारणा त्याच्या मालमत्तेत होणार. खर्च आम्ही करू, त्याने तो भाड्यातून वळता करावा. सरकार नसेना का, अर्बाब तर आहे! मी इतकी खूश झाले की जावेला मध्येच तोडून फोन ठेवला.

छपराचं काम करणारा एक माणूस माझ्या माहितीत होता, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, मस्कतच्या मत्रह भागातल्या जुन्या घरांची गळती काढण्यात हयात गेलेली. तो आला, गच्चीवर गेला, बूट काढून पाय टेकवला आणि लगेच परत बूट घातला. "भाभी, वर काय घातलेलंच नाय. नुसता काँक्रीट. ऊन डायरेक आत जाणार नाय तर काय करणार?"

मग त्याने जे सांगितलं ते सरळ होतं. स्लॅबवर जाड फोमचे बोर्ड बसवायचे, त्यावर सिमेंटचा पातळ थर आणि वर पांढरा रंग. पश्चिमेच्या काचेला ऊन परतवणारी फिल्म. खिडकीच्या फटीत रबराची पट्टी. एवढं केलं की एसीला जीव तोडून पळावं लागत नाही, थोडक्यात खोली निवते आणि निवलेली राहते. "तुमच्या सासूबायला वारा लागणार नाय. एसी मंद ठेवा, पंखा लावा, झोपा." टाकीवर सावली करायला पाहिजे, तेही तोच म्हणाला. आणि जाताना म्हणाला, "पण अर्बाबला इचारा आदी. उगाच मागनं कटकट नको."

"आधी मंजुरी, मग ऑपरेशन," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

अर्बाबकडे जायचं ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. मला नको होतं. क्लेम हे एकट्याने करायचं काम आहे. पण त्यांनी तोवर नारळाच्या वड्या थापून डब्यात भरल्या होत्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. लोकाच्या घरात महिनाभर राहायचं आणि घरधन्याला तोंड दाखवायचं नाही, हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मी गाडीत त्यांना बजावलं, "तुम्ही फक्त बसायचं. बोलणं माझं."

अर्बाब साठीच्या पुढचे, उंच, पांढऱ्या दाढीचे. त्यांच्या वडिलांचं मत्रहच्या बाजारात दुकान होतं, आजूबाजूला सगळे गुजराती आणि कच्छी व्यापारी, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार. आम्हाला बैठकीत बसवलं, त्यांच्या बायकोने खजूर आणि हलवा आणून ठेवला, आणि अर्बाबनी स्वतः काहवा ओतायला घेतला. बिनसाखरेची, वेलचीची कडू कॉफी, बिनकानाच्या इवल्याशा पेल्यात. आता इथली रीत अशी की पेला नुसता रिकामा करून पुढे धरला तर यजमान पुन्हा भरणार. पुरे असेल तर तो हलकेच हलवून द्यायचा. मला ठाऊक होतं. सासूबाईंना सांगायचं राहून गेलं होतं.

त्या प्याल्या, पेला पुढे केला. भरला. पुन्हा प्याल्या, पुढे केला. पुन्हा भरला. कडू लागत होती ते तोंडावर दिसत होतं, पण यजमानाने वाढलेलं टाकायचं नाही म्हणून त्या औषधासारखी गिळत होत्या. मी डोळ्यांनी खुणावलं, त्यांना वाटलं की मी आणखी घ्या म्हणते आहे. शेवटी मीच हात लांब करून त्यांचा पेला हलवला. अर्बाब मनापासून हसले. सासूबाईही हसल्या. चला, वातावरण तयार झालं, मी मनात म्हटलं.

मग मी विषय मांडला. चांगला मांडला, खोटं कशाला बोलू? स्लॅबची अवस्था, एसीवर पडणारा ताण, घराचं वाढणारं आयुष्य, पुढच्या भाडेकरूला होणारा फायदा. अर्बाब शांतपणे ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "ये कमरे में सोता कौन है?"

"मेरी सास."

ते सासूबाईंकडे वळले. "अम्मा, गर्मी होती है?"

सासूबाईंना एवढं हिंदी कळत होतं. "बहुत," त्या म्हणाल्या आणि पदराने उगाचच कपाळ पुसलं. त्या क्षणी मला वाटलं की आणल्या ते बरंच झालं.

अर्बाबनी हात वर केले. "खलास. काम कराओ. जो खर्चा हो, मुझे बताओ, किराये में से काट लेना. पूरा."

पूरा! मी अर्ध्याची तयारी करून गेले होते. इन्शुरन्सच्या धंद्यात मी असा दाता पाहिलेला नाही. मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"नको, नको! पैसा नको! कशाला उगाच? नहीं, नहीं!" सासूबाई दोन्ही हात हलवून सांगत होत्या. "हम रहता हय ना? हमारा घर जैसा हय. घर का काम का पैसा कोई लेता हय?"

अर्बाब थबकले. त्यांनी सासूबाईंकडे नीट पाहिलं. मग उजवा हात छातीवर ठेवला, मान झुकवली आणि अरबीत काहीतरी आशीर्वादासारखं बोलले. "अम्मा ने बोल दिया, खलास," ते मला म्हणाले. "अम्मा की बात के ऊपर मैं नहीं जाऊँगा." आणि त्यांनी विषय बदलून डब्यातली वडी उचलली. फार छान आहे म्हणाले.

आता मी काय करणार? त्यांच्या बैठकीत, त्यांच्या समोर, सासूचा शब्द खोडून पैसे मागणार?  दुसरी वडी त्यांनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर माझी भाड्यातली वजावट जाताना मला दिसली.

गाडीत बसल्यावर मात्र मी सुटले. "तुम्हाला म्हटलं होतं ना, बोलणं माझं? पूर्ण देत होता तो! पूर्ण! भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आला वडीचा रिकामा डबा."

 मला वाटलं त्यांना लागलं. पण वळून बघते तर त्या माझ्याहून जास्त चिडलेल्या.

"मी नको म्हटलं ते बरोबर म्हटलं," त्या म्हणाल्या. "कोण देतो म्हटला तर लगेच हात पुढं करायचा? भिकारी काय आपण? पण त्यानं पुन्हा म्हणायला नको? पयल्यांदा म्हणतात ती रीत. दुसऱ्यांदा म्हणतात तो आग्रह. तिसऱ्यांदा म्हणतात तेव्हा घ्यायचं असतं. हा मेला एकदाच म्हणून वडी खायला लागला!"

मला इतकं हसू आलं की गाडी कडेला घ्यावी लागली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या नकारापासून बोलणं सुरू होतं. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांच्या शब्दापाशी बोलणं संपतं. दोघंही आपापल्या जागी चोख वागले होते आणि मधल्यामध्ये माझा क्लेम आपटला होता. सासूबाईंना माझं हसणं आवडलं नाही. त्या समोर बघत होत्या आणि ओठ आवळले होते.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काम तर करायचंच. पैशांचं बघू. नाकारलेला क्लेम पुन्हा लावता येतो," मी म्हटलं. "वेळ लागतो एवढंच."

"किती?"

"सांगता येत नाही. कधी महिना, कधी सहा महिने."

 घराच्या गल्लीत वळताना म्हणाल्या, "ता तिकीट पुढं ढकल. घोळ मी घातलाय, निस्तरायचा पण मीच. तो पैसे देईस्तोवर मी नाय हलत हितनं. असं नुकसान करून गावाला गेले तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाय."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं.  "बरं," एवढंच म्हटलं.

काम झालं. माणसं पहाटे फटफटताना यायची आणि ऊन चढायच्या आत आटोपून जायची. सासूबाई त्यांना ताक करून द्यायच्या आणि वर जाऊन देखरेख करायच्या. पांढरा रंग सुकला त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले आणि भिंतीला हात लावला. भिंत भिंतीसारखी लागली, तव्यासारखी नाही. एसी मंद, पंखा हळू, आणि सासूबाई पलंगावर पाय पसरून, पदर नीट खांद्यावर, एकच चादर पायथ्याशी घडी करून ठेवलेली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता माणसाच्या ऱ्हाण्यासारखी झाली खोली." जिन्यातलं वर्तमानपत्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी उचललं.

आणि क्लेम? मी सगळी बिलं एका फायलीत लावून ठेवली होती, सवयीप्रमाणे. पुन्हा कसा विषय काढायचा, कुठल्या सणाला शुभेच्छा द्यायला जायचं, बोलणं कुठून वळवायचं, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. गेले असते तर पैसे घेऊन आले असते, याची मला आजही खात्री आहे. पण मी गेले नाही. दर शुक्रवारी सासूबाई विचारायच्या, "काय गो, त्याचं काय झालं?" मी म्हणायचे, "पेंडिंग आहे." क्लिनिकमध्ये मला हा शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखा वाटतो. घरी तो उच्चारताना मला फार बरं वाटायचं. जावेने फोनवर खोचकपणे विचारलं, "मग, मिळाला का क्लेम?" तिलाही तेच सांगितलं. मिरग आला आणि गेला. गावाहून शेजारणीचा फोन आला की पत्रा ठीक आहे. सासूबाईंनी ऐकलं आणि लसूण सोलायला घेतला.

टाकीची सावली तेवढी राहिली होती. एका सकाळी खाली पिकअप येऊन थांबला आणि अर्बाब स्वतः उतरले. आमच्या छपरावाल्याने त्यांना कुठेतरी गाठून टाकीचं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी आपल्या बागेतल्या खजुरीच्या झावळ्या भरून आणल्या होत्या. सासूबाईंना झावळ्या दिसल्या आणि त्यांच्या अंगात आलं. गच्चीवर बसून त्या झाप विणायला लागल्या, माडाचं विणतात तसं. पण खजुरीचं पान ताठ, आणि बुडाशी सुईसारखे काटे. बोटाला काटा रुतला तशा ओरडल्या, "हा कसला गो माड!" अर्बाब खाली वाकले आणि त्यांनी त्यांच्याकडची पद्धत दाखवली. पानं काढून टाकायची, मधल्या काड्या एकाला एक लावून दोरीने बांधत जायचं. मग एक टोक त्यांनी धरलं, एक सासूबाईंनी, दोघंही एकमेकांना न समजणाऱ्या भाषेत सूचना देत होते. टाकीवर मांडव उभा राहिला. मी मध्ये फक्त पाणी आणून दिलं.

खाली उतरल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नारळ खवायला बसल्या. अर्बाब दारात थांबले. त्यांनी टोपी सारखी केली, जरा घुटमळले.

"एक बात बोलूँ? उस दिन अम्मा ने मना किया, मैं चुप रहा. मगर मेरा दिल नहीं मानता. घर मेरा है. आप हिसाब दो, किराये में काट लो."

दुसऱ्यांदा. मी काही न करता, न मागता, माझा क्लेम स्वतःच्या पायांनी दारात आला होता. फाइल आतल्या कपाटात, हाताच्या अंतरावर होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझे हात अशा वेळी आपोआप कागदांकडे जातात. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

खरं सांगावं की नाही, असा एक क्षण गेला. सांगितलं. "पैसे देतो म्हणतायत, आई. सगळे."

विळीचा आवाज थांबला.  त्यांनीच ठरवलेली अट होती, पैसे मिळाले की गावाला. आता त्या उठतील, पदराला हात पुसत बाहेर येतील आणि म्हणतील, झालं एकदाचं, काढ तिकीट.

त्या बाहेर आल्या नाहीत.

"नको म्हणाव," त्या आतूनच म्हणाल्या. "अजून एकदा ऱ्हायलंय इचारायचं. पुढल्या उन्हाळ्यात इचार म्हणाव."

आणि त्या पुन्हा नारळ खवायला लागल्या.